खिशातला शिवदारा

निघायच्या आदल्या दिवशी बायकोनं माझ्या हातात वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी ठेवली. आत नवा शिवदारा होता. आम्ही लिंगायत. आमच्या गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत, आणि ती डबी ज्या दोऱ्यात ओवायची तो शिवदारा. बाजारात तयार मिळतो, पण हा तिनं दोन दिवस बसून हातानं वळला होता. पांढऱ्या सुताचा, एकसारखा, मध्ये कुठं गाठ नाही.

"लेकराच्या हातात द्या," ती म्हणाली. "जुना विटला असंल. काही विचारत बसू नका, नुसता द्या."

लेकरू म्हणजे आमचा एकुलता एक, बत्तीस वर्षांचा बाप्या. चार वर्षांपासून चेक देशात, प्रागमध्ये, कॉम्प्युटरच्या नोकरीला. तिचे गुडघे गेलेले आणि विमानाचं नाव काढलं की तिला घाम फुटतो, म्हणून मी एकटा निघालो होतो, तीन आठवड्यांसाठी. मी हाव म्हटलं आणि पुडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. सांगणं इतकं साधं होतं की माझ्यासारख्या माणसाला ते झेपलंच नाही.

माझी लातूरच्या मार्केट यार्डात भुसाराची आडत. सगळी हयात त्यात गेली. पोत्यात सळई खुपसायची, तुरीचे दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली धरायचा, आणि मगच तोंड उघडायचं. नमुना बघितल्याशिवाय मी सख्ख्या मेव्हण्याच्या मालालासुद्धा भाव सांगितलेला नाही. ही खोड घरातही यायची. बायको म्हणते, तुम्ही माणसांनाही सळई लावता. ती म्हणते ते खरं आहे.

तर मी ठरवलं, आधी बघायचं. गळ्यात लिंग असलं तर दोरा द्यायचा.

संशयाला कारण होतं. गेल्या उन्हाळ्यात व्हिडिओ कॉलवर तो सैल बनियनमध्ये बसला होता आणि मला त्याचा गळा मोकळा दिसला. क्षणभरच दिसला, मग त्यानं फोन हलवला. बायको माझ्या शेजारीच होती. तिनंही बघितलं असणार, पण त्यावर आमच्या घरात कुणी चकार शब्द काढला नाही. तिचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. लग्न नाही केलं तरी चालंल, परक्या देशात राहिला तरी चालंल, पण ते गळ्यातून निघालं की पोर हातातून गेलं. त्याच्या बारशाच्या आधी स्वामींनी त्याला लिंग दिलं तेव्हा ती चार दिवस त्याच्या छातीवर हात ठेवून झोपली होती.

प्रागला पोचलो तर ऑक्टोबरची थंडी. पोरगा सकाळ-संध्याकाळ गळाबंद स्वेटरात. बाथरूममधून बाहेर यायचा तोही स्वेटर घालूनच. मी म्हातारा माणूस, वर्तमानपत्र धरल्यासारखं करून स्वतःच्या पोराच्या मानेवर नजर ठेवून बसायचो. लाज वाटायची आणि तरी बसायचो. माझ्या पूजेसाठी त्यानं खिडकीजवळचं टेबल रिकामं करून, पुसून ठेवलं होतं. वर तांब्या, ताम्हन, दुकानातून आणलेली पांढरी फुलं. ते बघून मी नरमलो. पण दुसऱ्याच घटकेला मनात आलं, स्वतः पूजा करत असता तर जागा आधीपासूनच असती की. असं डोकं असल्यावर माणूस सुखानं राहील कसा?

दुसऱ्या शनिवारी तो म्हणाला, "अप्पा, आज फिरायला जाऊ. गाईड असतो. पायी हिंडवतात, इथलं जुनं खाणं-पिणं दाखवतात."

"पैसे देऊन पायी हिंडायचं?" मी म्हटलं. "आणि मी काय खाणार तिथं? वारा?"

"तुम्ही बघा नुसतं. तुम्हाला धान्य-मसाल्याचं लई कळतं, मजा येईल. मी प्रत्येक ठिकाणी विचारून घेतो."

मी कपाळाला विभूतीचे तीन पट्टे लावले, कोट चढवला आणि निघालो. पुडी खिशात होतीच.

गाईड बाई माझ्याच वयाची. पांढरे केस, जाड तळव्याचे बूट, हातात मिटलेली लाल छत्री. ती छत्री वर धरून चालायची आणि आम्ही सात-आठजण तिच्या मागं, यात्रेत चुकू नये म्हणून पोरं चालतात तसे. रस्ते दगडी, उंचसखल. माझ्या घोट्यांची पार वाट लागली. बाई इंग्रजी बोलायची, पोरगा माझ्या कानाशी मराठीत सांगायचा.

पहिल्यांदा एका बेकरीत नेलं. ताटलीएवढ्या गोल गोड भाकरी, मध्ये खळगा, खळग्यात काळं सारण. पोरगा आत जाऊन विचारून आला आणि मान हलवली. "अंडं हाय." पण मी ते सारण बघून थबकलो होतो. खसखस! आपली पांढरी, त्यांची निळसर काळी, पण दाणा तोच. मी बाईला खुणेनं विचारलं, तिनं दुकानातून चिमूटभर कच्ची खसखस आणून माझ्या हातावर ठेवली. मी फुंकर मारली, बोटानं पसरली, एक दाणा दाताखाली फोडला आणि पोराला म्हटलं, "सांग तिला, माल यंदाचा हाय. ओल न्हाई." त्यानं सांगितलं. बाई इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, आमच्या खेड्यात प्रत्येक घरामागं खसखस पेरायचे, माझी आजी अशीच दाताखाली धरायची. त्यानंतर ती माझ्यासोबतच चालायला लागली.

मग एका ठिकाणी काळसर पाव मिळाला, त्यात शहाजिऱ्यासारखे दाणे. तो चालण्यासारखा होता. मी उभ्या-उभ्याच छातीवरच्या डबीला हात लावून मनात नाव घेतलं आणि खाल्ला. सोबत काकडीचं आंबट लोणचं. पुढं एक काळं थंड पेय दिलं, कोफोला म्हणतात त्याला. बाहेरच्या देशातली शीतपेयं मिळत नव्हती तेव्हा या लोकांनी झाडपाला उकळून स्वतःचं काढलं म्हणे. काढ्यात साखर आणि सोडा घातल्यावर लागंल तशी चव. मला आवडलं, मी दोन ग्लास प्यायलो. बाकी मंडळी बिअरचे मग उचलत होती. पोरानं माझ्यासारखाच कोफोला घेतला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो, तोही मला बघत होता.

खरं सांगायचं तर तोवर मला बरं वाटायला लागलं होतं. दर दुकानात हा पोरगा माझ्याआधी आत शिरून, आचाऱ्याला बाहेर बोलावून, यात काय, त्यात काय, चरबी कसली, असं खोदून-खोदून विचारत होता. मला वाटलं, गळ्यात असेल. नसेल तरी असल्यासारखाच आहे. आता घरी गेल्यावर पुडी काढून देऊ. असं मी ठरवलंच होतं.

शेवटचा थांबा मोठी जुनी खानावळ. लांब बाकडी, भिंती धुरानं पिवळ्या. आम्ही बसलो आणि पोराच्या ऑफिसातून फोन आला. तो बाहेर गेला. गाईड बाई माझ्या शेजारी बसली. इथं लग्नाकार्यात करतात ते जेवण होतं. पिठाचा हातभर लांब उंडा वाफेवर शिजवायचा आणि त्याचे काप करायचे. वर घट्ट पिवळट रस, त्यावर सायीचा गोळा, लिंबाची चकती आणि लाल आंबट मुरंबा. बाईनं सोप्या इंग्रजीत सांगून, हातानं करून दाखवलं की गरम उंडा सुरीनं दबतो, म्हणून तिची आजी त्याच्याखालून दोरा सरकवायची आणि वरून फास ओढून काप पाडायची. दोऱ्याचं कळल्याबरोबर माझा हात खिशावर गेला.

बाकीच्यांच्या ताटात रसाखाली मांसाचे काप होते. माझ्यापुढं बाईनं वेगळं ताट ठेवलं, नुसता उंडा आणि रस. रसाकडं बोट दाखवून सावकाश म्हणाली, "नो मीट. व्हेजिटेबल्स. क्रीम." एवढं इंग्रजी मला कळतं. तिच्या तोंडावर इतकी माया होती. मी हाव म्हणून मान हलवली. नमुना न बघता. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तेही कुठं, तर जेवणाच्या ताटाला.

ताटातलं जेवण आहे, उभ्यानं खायचा पाव नाही, म्हणून मी रीतसर केलं. शर्टाचं वरचं बटण काढलं, डबी बाहेर घेतली, उघडून लिंग डाव्या तळहातावर धरलं. उजव्या हातानं कापाचा तुकडा रसात बुडवला, लिंगाला दाखवला, डोळे मिटले. आमच्याकडं एकदा हे केलं की ताटातलं सगळं प्रसाद होतं. मग त्यातलं शीतसुद्धा टाकायचं नाही. ताट पुसून खायचं, त्यात पाणी घालून बोटानं धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. आमच्या घरात आजही हेच चालतं. लहानपणी पोरानं पाणी पिताना तोंड वाकडं केलं तर त्याची आई उठून त्याच्यासमोर बसायची.

डोळे उघडले तर पोरगा समोर उभा. फोन हातातच.

"अप्पा, खाऊ नका."

"का?"

तो वाकला, हळू बोलला. "रस भाज्यांचाच हाय, पण त्या भाज्या मांसासंगं शिजवतात. मग मांस काढून भाज्या वाटतात." थांबला. "गाईचं असतं."

माझ्या बोटांतला तुकडा तसाच राहिला. डाव्या हातात लिंग. त्यालाच ऐकू येईल एवढ्यानं मी विचारलं, "तुला कसं ठाऊक?"

तो खाली बघत राहिला, आणि ते उत्तर मला पुरलं.

शेजारी बाई हसऱ्या तोंडानं माझ्याकडं बघत होती, आवडतंय का म्हणून. मी ताटाकडं बघत होतो. हे तोंडात घालता येणार नाही. आणि लिंगाला दाखवलेलं टाकताही येणार नाही. आतल्या आत मी महादेवापुढं तोंड लपवत होतो. काय दाखवलं मी त्याला? कुणाच्या सांगण्यावर?

पोरानं फोन खिशात ठेवला. माझ्या शेजारी बाकावर बसला, माझ्या बोटांतला तुकडा हळूच काढून घेतला आणि तोंडात घातला. मग ताट स्वतःपुढं ओढलं. एकेक काप खाल्ला, रस पुसून घेतला, लिंबाची चकतीसुद्धा चघळून सालासकट गिळली. पेल्यातलं पाणी ताटात ओतलं, चारी बोटांनी ताट धुतलं, दोन्ही हातांनी उचललं आणि ओठाला लावून सगळं पाणी प्यायला. त्या भरल्या खानावळीत. पलीकडच्या बाकावरची माणसं बोलायची थांबली होती.

गाईड बाईनं टाळी वाजवली. मला म्हणाली, तुमच्या मुलाला आमचं जेवण लई आवडलेलं दिसतं.

मला त्याला तिथंच कानाखाली द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. लिंग डबीत ठेवलं, बटण लावलं.

बाहेर आल्यावर ट्रामच्या थांब्यावर मी विचारलं, "गळ्यात हाय का?"

"न्हाई."

"कुठंय?"

"कपाटात. डबीत. दोरा तुटला, अप्पा."

"कधी?"

"झालं दीडेक वर्ष."

"सगळ्या जगाचं मिळतं तुमच्या इथं, दोरा मिळत न्हाई?"

"मिळतो," तो म्हणाला. "तसला न्हाई मिळत."

माझा हात खिशात होता. बोटांना पुडीचा कागद लागत होता. काढून दिली असती तर तिथल्या तिथं सगळं झालं असतं. पण राग डोक्यात चढला होता. खातो आणि वर दोऱ्याचं निमित्त सांगतो. असल्या गळ्यात हा दोरा? तिनं दोन दिवस बसून वळलेला? आणि त्या रागात माझा स्वतःचाही राग होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पोरानं खाल्लं असेल, लिंगाला दाखवलं मीच होतं. ट्राम आली, आम्ही चढलो. खिडकीबाहेर बघत घरापर्यंत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिंगाला तीनदा स्नान घातलं. पोरगा दारात उभा राहून बघत होता. आत ये म्हटलं असतं तर आला असता. मी म्हटलं नाही.

उरलेले दिवस आम्ही गोड बोलून काढले. मी त्याला भाकरी करायला शिकवली, त्याच्या जळायच्या, आम्ही हसायचो. मध्येच तो गप्प व्हायचा आणि माझ्याकडं बघत राहायचा. मला वाटायचं, चूक कबूल करायची आहे पण जीभ उचलत नाही. मी वाट बघायचो. त्यानं आधी बोलावं, माझ्यापुढं मान खाली घालावी, आणि मग मी मोठ्या मनानं पुडी काढावी, असं माझं चाललं होतं.

विमानतळावर त्यानं माझी बॅग चढवली, वाकून पाया पडला. उठताना माझ्या कोटाची बाही धरून म्हणाला, "काही राहिलं का, अप्पा?"

"काही न्हाई," मी म्हटलं.

त्यानं बाही सोडली. मग म्हणाला, "बरं. आईला फोन करतो पोचलात की."

हैदराबादला उतरून गाडीनं लातूरला घरी आलो. जेवण झाल्यावर बायको कोट झटकायला घेऊन बसली. मी तिला काय सांगायचं ते विमानात जुळवून आणलं होतं. तिनं विचारण्याच्या आत मी खानावळीची गोष्ट काढली, की माझ्याच्यानं खाववेना तेव्हा पोरानं माझा प्रसाद संपवला आणि चारचौघांत ताट धुवून पाणी प्यायला. गाईचं मी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

"पिणारच," ती म्हणाली. "मी शिकवलंय." आणि आतल्या खिशातून पुडी काढून तिनं माझ्यासमोर धरली.

"दिला न्हाईत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानंच मला जास्त भ्या वाटलं.

"त्याच्या गळ्यात न्हाई ते," मी एकदाचं बोलून टाकलं. "कपाटात ठेवलंय. दीड वर्ष झालं. तुला वाईट वाटंल म्हणून—"

"ठाऊक हाय मला. तुम्ही पोचलात त्याच दिवशी त्यानं सांगितलं. मी त्याला म्हटलं होतं, अप्पांजवळ दोरा दिलाय, ते देतील. लई बरं वाटलं त्याला. म्हणाला, अप्पांच्या हातानं घालतो." ती पुडीच्या कागदाची घडी नखानं दाबत होती. "मग रोज फोनवर विचारायचा. आई, अप्पांनी दिला न्हाई अजून. मी म्हणायची, देतील. दमानं घे, देतील. शेवटच्या दिवशी विमानतळावरनं फोन केला, तेव्हा काही बोललाच न्हाई. नुसता रडला."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"काय सांगू? बापानं लेकराला दोरा द्यावा म्हणून बापाला फोन करू?"

काही राहिलं का, अप्पा. मी त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, काही न्हाई. तीन आठवडे मी त्याच्या गळ्याकडं बघत होतो, आणि तो माझ्या खिशाकडं.

मी म्हटलं, "उद्याच कुरिअरनं पाठवतो."

ती उठली, देवघरात गेली, पुडी महादेवाच्या पायाशी ठेवली. परत येताना दारात थांबली.

"कुरिअरनं पाठवायचा असता," ती म्हणाली, "तर तुम्हाला कशाला पाठवलं असतं?"